रोलमागे एक फोटो

त्यांनी माझ्याकडून पैसे कधी घेतले नाहीत. मी रोल आणून द्यायचा, त्यांनी तो धुवायचा, मग दोघांनी मिळून कॉन्टॅक्ट शीट भिंगाखाली बघायची आणि त्यातला एक फोटो त्यांनी स्वतःसाठी निवडायचा. त्याचा एक प्रिंट त्यांचा, बाकी सगळं माझं. व्यवहार त्यांनीच ठरवलेला होता आणि त्यात घासाघीस चालत नव्हती. कुठला फोटो निवडला आणि का, हे विचारायचीही सोय नव्हती. मी पुण्याचा. धुलाई, कागद, केमिकल आणि कॅमेऱ्याचं भाडं, एवढ्या सगळ्याच्या बदल्यात एक प्रिंट म्हणजे सौदा आपल्याच फायद्याचा, असं मी धरून चाललो होतो.

चाकणच्या कारखान्यातून मला चेक प्रजासत्ताकात म्लादा बोलेस्लावला पाठवलं ते 2007 मध्ये. गाव मोटारींचं. आठवडाभर कारखाना, संध्याकाळी खोलीवर वरण-भात, आणि शनिवारी सकाळची बस पकडली की तासाभरात प्रागच्या पूर्वेच्या टोकाला, चेर्नी मोस्तला. तिथून मेट्रोची पिवळी लाइन सुरू होते. माझ्यासारखे हौशी लोक मुस्तेकला उतरून जुन्या शहराच्या चौकात जात, मीही तेच करत असे. एका कडाक्याच्या शनिवारी डिजिटल कॅमेऱ्याने थंडीत मान टाकली, तेव्हा कारखान्यातल्या एकाने सांगितलेला पत्ता आठवून मी दोन-तीन स्टेशनं अलीकडेच, क्रिझिकोवाला उतरलो. तो भाग कार्लिन. पर्यटकांच्या नकाशात तो तेव्हा सहसा नसे.

दुकान अर्धं तळघरात होतं. बाहेरच्या भिंतीवर, माझ्या डोक्याच्याही वर, एक तपकिरी रेघ होती. आत निळा डगला घातलेले, सत्तरीचे, चष्मा कपाळावर चढवलेले गृहस्थ एका कॅमेऱ्याचं शटर उघडून बसले होते. चेक लोकांत पदवीने हाक मारायची रीत आहे. मी इंजिनिअर आहे हे कळल्यापासून ते मला शेवटपर्यंत ‘पाने इन्झेनीरे’, म्हणजे ‘इंजिनिअरसाहेब’च म्हणत आले. मी समोर नुसतं ‘पाने’ म्हणे, मनात मास्तर. आमची भाषा म्हणजे माझी कारखान्यात उचललेली चेक, त्यांची मोडकी इंग्रजी, आणि उरलेलं हातवाऱ्यांनी.

त्यांनी बॅटरी हाताच्या पंजात धरून ऊब दिली, ती थोडी जिवंत झाली. मग मागच्या स्क्रीनवर माझे फोटो भराभर पाहिले.

“किती काढलेत?”

“चार-पाचशे असतील.”

“आज?”

“हो.”

काही न बोलता ते आत गेले आणि एक जड, चौकोनी, दोन भिंगांचा कॅमेरा घेऊन आले. फ्लेक्सारेट. प्रझेरोव्हच्या मेओप्टा कारखान्यात बनलेला. बॅटरी लागत नाही, त्यामुळे थंडीने मरायचा प्रश्न नाही. हा विकायचा नाही, वापरून परत आणायचा, असं त्यांनी सांगितलं. सोबत ह्रादेत्स क्रालोवेच्या फोमा कंपनीचा कृष्णधवल रोल. एका रोलवर 12 फोटो. व्यवहार ठरला तो तिथेच.

फ्लेक्सारेट छातीशी धरून त्याच्यात वरून बघायचं असतं. आतल्या धूसर काचेवर चित्र उमटतं ते डावं-उजवं उलटं. ट्राम उजवीकडून आली की काचेवर डावीकडून येते, आणि तिच्या मागे कॅमेरा फिरवायला गेलात की ती आणखीच निसटते. सुरुवातीला चक्कर आल्यासारखं होतं. फायदा असा, की मान खाली घालून उभ्या असलेल्या माणसाकडे रस्त्यावर कुणी लक्ष देत नाही. डोळ्याला लावलेल्या कॅमेऱ्याला लोक बिचकतात, खाली बघणाऱ्याला बिचकत नाहीत.

पहिल्या रोलमध्ये मी प्रागची सगळी दैवतं एकाच दिवसात उरकली. किल्ला, त्यातलं सेंट व्हिटस कॅथीड्रल, तीन चर्चेस, आणि अर्थात जुन्या नगरभवनाच्या मनोऱ्यावरचं ते खगोलघड्याळ, ओर्लोइ. 1410 सालचं ते यंत्र. दर तासाला वरच्या खिडक्या उघडतात, बारा प्रेषित डोकावून जातात, सांगाडा घंटा वाजवतो आणि खाली जमलेली गर्दी ‘एवढंच?’ असं म्हणत पांगते. मास्तरांनी शीटवर भिंग फिरवलं. किल्ल्यावरून पुढे, कॅथीड्रलवरून पुढे. थांबले ते एका फसलेल्या फोटोवर. घड्याळाची फ्रेम लावताना गर्दीने मला मागे ढकललं होतं आणि रोलवर नुसते वर बघणारे चेहरे आले होते, घड्याळ नव्हतंच. त्यांनी त्यावर लाल पेन्सिलीने खूण केली. हे त्यांचं.

त्या दिवशी त्यांनी एक गोष्ट सांगितली. मे 1945 मध्ये युद्धाच्या शेवटच्या दिवसांत जर्मनांच्या माऱ्याने नगरभवनाला आग लागली, घड्याळ जळालं. ते सात वर्षांचे होते, वडिलांबरोबर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बघायला गेले होते. आज दिसतात ते लाकडी प्रेषित सुखार्दा नावाच्या कलाकाराने नंतर नव्याने कोरलेले, घड्याळ पुन्हा चालू झालं 1948 मध्ये. पण नगरभवनाची एक अख्खी बाजू उद्ध्वस्त झाली ती पुन्हा बांधलीच नाही. घड्याळाच्या शेजारी चौकात जी हिरवळ आहे, जिथे बाकांवर बसून लोक सॉसेज खातात, ती म्हणजे ती बाजू. “तिचा फोटो काढा,” ते म्हणाले. हिरवळीचा? पुढच्या शनिवारी काढला. तो मात्र त्यांनी घेतला नाही. गवत कुणीही काढेल म्हणाले. या माणसाला खूश करायचा नेम मला कधी साधला नाही.

उजेडाची शिकवणी वेगळीच. आमच्याकडे मे महिन्यात सूर्य डोक्यावर येतो आणि पुण्यात एक दुपार तर अशी असते की सावली पायाखालीच राहते. डोळ्याला सवय त्या उजेडाची, की दहा ते चार कॅमेरा बाहेर काढायचा नाही. प्राग पन्नास अक्षांशावर. डिसेंबरात सूर्य उगवतो आठच्या सुमाराला, मावळतो चारला, आणि भर दुपारी बाराला तो क्षितिजापासून जेमतेम सोळा-सतरा अंश वर आलेला असतो. म्हणजे अख्खा दिवस हा आपल्याकडच्या सकाळी सातसारखा. चार्ल्स पुलावरच्या पुतळ्यांच्या सावल्या एका कठड्यावरून दुसऱ्या कठड्यावर चढतात, दगडी फरसबंदीचा एकेक चिरा उठून दिसतो. मला वाटे ढगाळ हवा म्हणजे शनिवार फुकट. मास्तर म्हणत, उन्हात इमारत दिसते, ढगात दगड दिसतो. बाहेरून आत आलो की कॅमेरा पिशवीतून काढू देत नसत, अर्धा तास तसाच राहू द्यायचा. नाहीतर थंड भिंगावर खोलीतली वाफ धरते. आजही पावसाळ्यात एसी गाडीतून उतरलो की माझा हात पिशवीवरच थांबतो.

त्यांच्या दुकानापासून मेट्रोचं पुढचं स्टेशन इन्व्हालिडोव्ना. अठराव्या शतकात अपंग सैनिकांसाठी बांधलेली ती प्रचंड इमारत. 1920 च्या दशकात तिथे राहणाऱ्या जायबंदी सैनिकांचे फोटो काढले योसेफ सुदेकने, जो स्वतः त्यांच्यातलाच होता. कोलीनचा हा मुलगा बुकबाइंडिंग शिकलेला. पहिल्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर उजवा हात गेला आणि तो धंदा संपला. उरलेल्या एका हाताने आणि दातांनी तो आयुष्यभर भलेमोठे लाकडी कॅमेरे हाताळत राहिला. सेंट व्हिटसचं बांधकाम 1344 मध्ये सुरू होऊन 1929 मध्ये पुरं झालं. शेवटच्या टप्प्यात गवंडीकाम चालू असताना सुदेक आत जाऊन वाळूचे ढीग, घमेली, शिड्या, आणि उंच खिडक्यांतून त्यांच्यावर उतरणारा उजेड टिपत होता. पुढे एका जुन्या पॅनोरमा कॅमेऱ्याने त्याने लांबच लांब आडव्या फ्रेममध्ये अख्खं शहर घेतलं, त्यात फॅक्टऱ्या आल्या, रेल्वेचे रूळ आले, उपनगरातले उकिरडेही आले. ते पुस्तक 1959 चं, 284 फोटोंचं. मास्तरांकडची प्रत फुगून वेडीवाकडी झालेली होती, पानं एकमेकांना चिकटलेली.

मास्तरांनी सुदेकला लहानपणी पाहिलं होतं, माला स्त्राना भागातल्या चढावर ट्रायपॉड खांद्यावर टाकून चाललेला. बोलले कधी नाहीत. “हाक मारायची हिंमत झाली नाही,” एवढंच. उयेज्द रस्त्यावर एका चाळीवजा इमारतीच्या मागच्या अंगणात सुदेकचा लाकडी स्टुडिओ होता. तो जळला, मग पुन्हा तसाच बांधला, आता तिथे छोटी गॅलरी आहे. मला तिथे त्यांनीच पाठवलं. खोलीत एक खिडकी आणि बाहेर एक वाकडं झाड. जर्मनांच्या ताब्यातल्या शहरात मोठा कॅमेरा घेऊन हिंडणं अवघड झालं तेव्हा सुदेक या खिडकीचेच फोटो काढत बसला, कधी दव धरलेली काच, कधी गोठलेली. मी तिथे उभा राहिलो आणि माझे चार-पाचशे फोटो आठवले. असो.

आता पुलाबद्दल. चार्ल्स पूल म्हणजे प्रागचं सगळ्यात जास्त फोटो निघालेलं ठिकाण असावं. चौथ्या चार्ल्सने 1357 मध्ये पाया घातलेला, अर्धा किलोमीटर लांब, दोन्ही कठड्यांवर मिळून 30 पुतळे. 2007 पासून त्याची दुरुस्ती सुरू होती, एकेक टप्पा पत्रे लावून बंद करत. फोटोवाले त्या पत्र्यांना शिव्या घालत, पत्रे चुकवून फ्रेम लावत. मीही. मास्तर नेमका पत्रा आलेला फोटो उचलत.

पुलावर फ्रान्सिस झेवियर आहे, ब्रोकॉफ नावाच्या शिल्पकाराचा, 1711 चा. माझं आजोळ फोंड्याचं. जुन्या गोव्याच्या बॉम जेझुसमधलं त्याचं शव आणि डिसेंबरातलं फेस्त हे आम्हां मुलांना ठाऊक, त्यामुळे परक्या देशात गाववाला भेटावा तसा तो मला भेटला. मास्तरांना सांगितलं की याचा देह आमच्याकडे आहे. ते देवाधर्माचे नव्हते. म्हणाले, पुतळाही इथे नाही. 1890 च्या पुरात नदीत सुटलेले लाकडांचे तराफे कमानींना येऊन अडकले, पाण्याच्या दाबाने पुलाचा भाग कोसळला, त्यात झेवियर गेला, उभी आहे ती प्रतिकृती. “आणि वर काय बघता? खाली बघा.” खाली, संताला खांद्यावर पेलून धरणारी पौर्वात्य पेहरावातली माणसं आहेत. त्यांच्या मानेच्या शिरा ताणलेल्या आहेत. मी त्या पुतळ्याचे आधी बरेच फोटो काढले होते, सगळे वरच्या अर्ध्या भागाचे.

मला हवा होता रिकामा पूल. पहाटे गेलो तरी नवरा-नवरी घेऊन कुणीतरी फोटोवाला हजर. मास्तरांनी उपाय सांगितला: गर्दीतच जा, पण शटर इतका वेळ उघडं ठेवा की चालणारा माणूस फिल्मवर उमटणारच नाही. संधिप्रकाशात भिंग अगदी बारीक करायचं. फोमाच्या फिल्मचा एक स्वभाव आहे: मीटरने 10 सेकंद सांगितले तर तिला प्रत्यक्षात आठपट, म्हणजे 80 सेकंद द्यावे लागतात. अंधारात घड्याळ दिसत नाही, बोटं तारेच्या रिलीजवर गोठलेली. मी मारुतिस्तोत्र म्हणायचो. बेताच्या चालीत अकरावं कडवं संपलं की ऐंशी सेकंद होतात, हे खोलीवर घड्याळ लावून तपासलेलं होतं. झेवियरच्या पायाशी उभं राहून समर्थांच्या शब्दांत एक्स्पोजर मोजणारा इसम पुलाच्या साडेसहाशे वर्षांत मीच पहिला असेन.

फोटो डेव्हलपरमध्ये वर येताना मी शेजारीच होतो. शेकडो लोक गेलेले, पूल रिकामा, दिव्यांखाली ओले चिरे, पुतळे. आणि डाव्या कठड्याशी, दुरुस्तीच्या पत्र्याला लागून, स्पष्ट, पुतळ्यांइतका स्पष्ट, एक माणूस. प्रागमध्ये पुलावर भीक मागणारे लोक गुडघ्यांवर बसून कपाळ जमिनीला टेकवतात आणि टोपी पुढे धरून तसेच राहतात, अजिबात न हलता. चालणारे सगळे पुसले गेले, हा राहिला. मला तो प्रिंट नको होता, डावी बाजू कापून चालेल का असं मी विचारायला लागलो. मास्तरांनी लाल पेन्सिल आधीच उचलली होती.

“नाव विचारलंत त्याचं?”

“नाही.”

त्यांनी कागद फिक्सरमध्ये सरकवला.

बाहेरच्या भिंतीवरची रेघ ऑगस्ट 2002 ची होती. त्या महापुरात व्ल्तावा नदीचं पाणी कार्लिनमध्ये शिरलं, मेट्रोची स्टेशनं बुडाली, वस्ती रिकामी केली गेली, काही घरं कोसळली. लोकांना बरेच दिवस परत येऊ दिलं नाही. निगेटिव्ह भिजल्या तर ओल्याच ठेवाव्या लागतात, म्हणजे वाचायची आशा असते. वाळल्या की एकमेकींना चिकटतात आणि वरचा थर निघून येतो. हे मास्तरांना पक्कं माहीत होतं, आणि ते बाहेर थांबले होते. चाळीसेक वर्षांच्या निगेटिव्ह होत्या, गल्लीबोळांच्या, दुकानांच्या पाट्यांच्या, पाडायला काढलेल्या घरांच्या. परत आले तेव्हा कपाटात चिखलाच्या विटा होत्या. हे मला त्यांनी सांगितलं नाही. शेजारच्या पबमध्ये ऐकलं, आणि मग ते फुगलेलं पुस्तक का फुगलंय तेही कळलं.

त्यांचा आदर्श खरं तर सुदेक नव्हताच, यिंद्रझिख एकेर्ट होता. 1893 च्या कायद्याने प्रागचा जुना ज्यू मोहल्ला, योसेफोव्ह, आरोग्याच्या नावाखाली पाडायला काढला. काही सिनेगॉग, मोहल्ल्याचं नगरभवन आणि दफनभूमी सोडून बहुतेक सगळं गेलं, त्या जागी रुंद, श्रीमंती रस्ते आले. पाडण्याआधी एकेर्टने तिथल्या गल्ल्या, अंगणं, जिने यांचे फोटो काढून ठेवले. मास्तरांचं म्हणणं, सुदेक कलावंत होता, त्याला ठिकाण नसतं तरी चाललं असतं. एकेर्टशिवाय ते जिने उरलेच नसते. यात सुदेकवर थोडा अन्याय आहे असं मला वाटतं, पण चिखलाच्या विटा उचललेल्या माणसाशी यावर वाद घालायला मी गेलो नाही.

दोनेक वर्षांनी मी परत आलो. निघताना फ्लेक्सारेट द्यायला गेलो तर तो त्यांनी परत घेतला, अगदी नियमाप्रमाणे, भिंग पुसून, शटर तीनदा वाजवून. भेट देतील अशी माझी समजूत होती. नाताळला कार्डं येत-जात राहिली. मग एका वर्षी कार्ड आलं नाही, मुलीचा ईमेल आला. वडील गेले होते. दुकान रिकामं करताना तिला प्रिंटचा एक खोका सापडला, त्यावर ‘इंजिनिअरसाहेब’ असं लिहिलेलं. असे खोके आणखी होते, इतर गिऱ्हाइकांच्या नावांचे. एक शिक्षिका, एक ट्रामचालक, एक कुणीतरी जपानी विद्यार्थी. सगळ्यांशी तोच करार झालेला दिसत होता. तुमचा खोका पाठवू का, असं तिने विचारलं होतं, आणि सहज म्हणून एका प्रिंटच्या दोन्ही बाजूंचे फोटो जोडले होते.

तो पुलावरचा होता. मागे बारीक पेन्सिलीने भरगच्च लिहिलेलं. जागा, कुठल्या पुतळ्यासमोर, पत्रे कधी लागले, कधी निघाले. मग दुसऱ्या तारखेने: माणूस आज भेटला, नाव सांगत नाही, मोराव्हियाकडचा आहे, पूर्वी फाउंड्रीत होता. मग तिसरी तारीख: आज नाही. मग चौथी: नाही.

म्हणजे मी बसने निघून गेल्यावर सत्तरी उलटलेला हा माणूस माझा प्रिंट घेऊन त्या-त्या जागी जात होता. माझ्या प्रत्येक रोलमागे एक फोटो, आणि प्रत्येक फोटोमागे त्यांच्या किती फेऱ्या, ते त्या खोक्यात होतं. सौदा कुणाच्या बाजूचा होता याचा हिशेब मी त्या संध्याकाळी सोडून दिला.

मुलीला लिहिलं की प्रिंट प्रागचे आहेत, तिथेच राहू देत, शक्य झालं तर सगळे खोके एकत्र एखाद्या संग्रहाकडे द्यावेत. मला फक्त मागच्या बाजू हव्यात. तिला ही मागणी विचित्र वाटली असणार, तरी तिने त्या सगळ्या स्कॅन करून पाठवल्या. ओर्लोइसमोरच्या चेहऱ्यांच्या मागे फक्त एक ओळ आहे, लहानपणी वडिलांबरोबर आपण कुठे उभे होतो त्या जागेबद्दल. बाकीच्या वाचायचं काम चालू आहे. माझी चेक गंजलीय, शब्दकोश लागतो, अडलं की म्लादा बोलेस्लावच्या जुन्या सहकाऱ्याला रात्री पाठवतो. सगळ्यात जास्त वेळ तारखांवर जातो. तिकडची माणसं 1 लिहिताना वर अशी लांब शेपटी काढतात की आपल्याला तो सात वाटतो. खरा 7 असेल तर त्याच्या पोटात आडवी रेघ असते, आणि मास्तरांची पेन्सिल ती रेघ बहुधा घाईत असली की गाळायची.